मागच्या जिन्याचं कुलूप

विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर सोडून द्या. पण यातला एकही शब्द माझ्या पदरचा नाही. हे सगळं माझ्या काकूच्या बाबतीत घडलंय, आणि काकू भुताखेतांना भीक घालणारी बाई नाही. तिला जन्मभर एकच भीती... काकांवर कुणाचा तरी डोळा आहे.

काका एका सरकारी इमारतीचे केअरटेकर. दिसायला बरे, बोलायला गोड, कमरेला किल्ल्यांचा जुडगा.

तिसऱ्या मजल्यावर, आलेलं टपाल नोंदवायच्या आवक टेबलाला एक हसरी बाई होती. सगळे तिला आवकबाईच म्हणायचे. काका तिच्या टेबलापाशी जरा जास्तच रेंगाळतात, हे काकूच्या कानावर आलं आणि तिचा जळफळाट सुरू झाला.

त्या मजल्याला मागचा जिना होता. आग लागली तर बाहेर पडायला. पण कर्मचारी दुपारीच तिथून सटकतात म्हणून मोठ्या साहेबांनी दाराला कुलूप घालायला लावलं. हुकूम तोंडी. तपासणीवाले आले की कुलूप काढायचं, ते चहा पिऊन गेले की पुन्हा घालायचं.

किल्ली काकांकडे.

एका शुक्रवारी दुपारी काकूने फोन केला. "छातीत दुखतंय. आत्ताच्या आत्ता या."

काही दुखत नव्हतं. आवकबाईचा वाढदिवस होता, आणि ती केक कापताना काका तिथे नकोत, एवढंच.

काका धावत घरी आले. जुडगा कमरेलाच.

त्याच दुपारी तिसरा मजला पेटला.

पुढच्या जिन्यात धूर. भिंतीवरची आग विझवायची लाल नळकांडी काढली, तर आतली पावडर दगड झालेली. माणसं मागच्या दाराकडे धावली...

चौकशी झाली. शॉर्ट सर्किट, म्हणाले. कुलपाचा विषय कुणीच काढला नाही. साहेबांना बढती मिळाली. काका गप्प बसले, काकूही.

जळका मजला बंद झाला, बाकीचं ऑफिस पुन्हा सुरू झालं. आणि काका संध्याकाळी उशिरा यायला लागले.

"कुठे असता?"

"काम असतं."

"कुणाचं?"

काका हातपाय धुवायला निघून गेले. काकूच्या मनात पाल चुकचुकली. एक गेली, आता ही दुसरी कोण?

एके दिवशी ऑफिस सुटायच्या वेळी ती तिथे गेली. काका मागच्या जिन्याने वर निघाले होते. ती दबक्या पावलांनी मागे.

तिसऱ्या मजल्यावर काका त्या काळवंडलेल्या दारासमोर उभे राहिले. नुसते उभे.

मग...

ठक. ठक. ठक.

आतून.

काकांनी कुलूप काढलं, दार ओढलं आणि बाजूला झाले. जळक्या कागदांचा वास आला. आणि नाकाला पदर लावलेली एक बाई बाहेर आली.

आवकबाई.

तिने पदर बाजूला केला. काकांकडे बघून हसली... आणि जिना उतरून गेली. पायांचा आवाज नाही.

काकूची भीतीने बोबडी वळली, हे खरं. पण त्याच्याही आधी तिच्या अंगाचा तिळपापड झाला. जिवंत असती तर हिच्या झिंज्या उपटल्या असत्या. मेलेलीशी भांडायचं कसं?

घरी आल्यावर तिने काकांना धरलं.

"मला कुणी दिसत नाही गं," काका म्हणाले. "दार वाजतं, मी उघडतो. त्या दिवशी उघडलं नाही ना."

"दिसत नाही? हसते ती तुमच्याकडे बघून!"

काका थबकले. "हसते?"

त्या एका शब्दात काकांचा जीव भांड्यात पडला. काकूला तेच सहन झालं नाही.

सकाळी तिने जुडग्यातून त्या दाराची किल्ली काढून पिठाच्या डब्यात दडवली. बस म्हणावं आतच.

संध्याकाळी काकांना खोकला लागला.

दुसऱ्या दिवशी थुंकीत काजळी आली. डॉक्टरांनी फोटो काढला, छाती स्वच्छ. काका मात्र खिडक्या उघड, खिडक्या उघड म्हणत होते. खिडक्या सताड उघड्याच होत्या. पुढे त्यांचे ओठ निळे पडले, तेव्हा काकूने पिठात हात घातला आणि तशीच धावत सुटली. ऑफिसच्या वॉचमनने वहिनी म्हणून आत सोडलं.

दार आता वाजत नव्हतं... बडवलं जात होतं. कितीतरी हातांनी.

तिने कुलूप काढलं.

म्हातारा शिपाई बाहेर आला. मग एक कारकून. मग पोटुशी स्टेनो. एकामागून एक येतच राहिले. इतके दिवस काकूच्या डोक्यात एकच बाई होती, बाकीच्यांचा विचारही तिच्या मनाला शिवला नव्हता. ती भिंतीला टेकून रडली.

शेवटी आवकबाई आली. उंबऱ्यावर थांबली. काकूच्या खांद्यावरून मागे बघायला लागली.

"ते यायचे नाहीत," काकू म्हणाली. "यापुढे दार मी उघडेन."

काकांची तब्येत सुधारली. रजेवर घरीच राहिले. काकू रोज संध्याकाळी जायची. सगळे उतरायचे. आवकबाई मात्र उंबऱ्यावरच उभी, वाट बघत.

गेल्या आठवड्यात सगळे उतरले... आणि उंबरा रिकामा होता.

काकूला आधी हायसं वाटलं. मग तिच्या काळजात चर्र झालं. ती रिक्षा करून घरी आली. दाराला आतून कडी. आत काका खोकले, किती दिवसांनी.

आणि लगेच आणखी कुणीतरी खोकलं.

बाईचा आवाज.

काकूने दार ठोठावलं. पुन्हा ठोठावलं. काकांनी उघडायला फार वेळ लावला. घरात दुसरं कुणी नव्हतं. काका हसत होते.

आता काकू त्यांना क्षणभरही एकटं सोडत नाही. तिकडे जाणार कोण? परवा तिने ती किल्ली माझ्या हातात ठेवली. "तू जा," म्हणाली, "मला ह्यांच्यापाशी बसायला हवं."

परवा मी गेलो नाही. कालही नाही.

आज सकाळपासून माझा घसा खवखवतोय.