पुसलेला गंज

"ते काळं दिसतंय ना, त्याला हात लावायचा नाही. ते तलवारीचं वय आहे, मिसाओ. वय कुणी घासून काढतं का?"

वडिलांचा हा आवाज मिसाओ तोगाशीच्या कानात लहानपणापासून मुरलेला होता. वडील जुन्या तलवारी उजळायचे. ओल्या दगडावरून पातं पुढे जायचं, मागे यायचं, आणि त्या लयीत ते पुटपुटत राहायचे. पोरीला वाटे, बाबा लोखंडाला अंगाई म्हणताहेत. पोरगी मोठी होऊन पोलिसात गेली, जुन्या वस्तूंच्या व्यापारावर नजर ठेवणाऱ्या शाखेत. वडील गेले.

आज सकाळी कानाझावातल्या लिलावघराची माडी ती चढून आली, तर तिथे कुणीतरी नेमकं वय घासून काढलेलं होतं.

पांढऱ्या कापडावर तलवार उघडी ठेवली होती. पातं जसंच्या तसं होतं. धारेच्या कडेनं धुक्याची रेघ उठावी तशी नक्षी वाहत गेलेली. पण मुठीच्या आत जाणारं शेपूट? काल ते सहाशे वर्षांच्या गंजानं काळंभोर होतं आणि त्यावर एका जुन्या कारागिराचं नाव कोरलेलं होतं. आज ते विळीच्या पात्यासारखं लखलखत होतं. नावाचे पुसट ओरखडे तेवढे मागे राहिले होते.

चटयांवर व्यापारी रांगेनं बसलेले. प्रत्येकाच्या गुडघ्याशी काळी लाखेची वाटी. बोली वाटीच्या आत लिहायची आणि वाटी लिलाव पुकारणाऱ्याकडे सरकवायची, ही इथली रीत. आज एकही वाटी हलली नव्हती.

"हा खून आहे, बाई," कुरुमादा म्हणाला. शहरातला सगळ्यात मोठा तलवारींचा व्यापारी, आणि तलवार त्याचीच. "मला भरपाई नको. मला माणूस हवा. तो इथेच बसलाय. त्याला या चटयांवरून फरफटत खाली नेताना मला बघायचंय."

मिसाओने पातं उचललं. त्यावर नुकतंच तेल फिरवलेलं होतं, पातळ, एकसारखं. वापरात नसलेली पाती ठेवतात तसं हिचंही म्यान साध्या पांढऱ्या लाकडाचं होतं, आणि बाजूला काढून ठेवलेली मूठही त्याच लाकडाची. तिने मूठ शेपटावर चढवली, बांबूची खुंटी घातली आणि कानाजवळ नेऊन हलवली. काही वाजलं नाही. मग मूठ पुन्हा काढून, उजेडाकडे धरून, ती बराच वेळ तिच्या आत बघत राहिली.

"आत काय बघताय? जे व्हायचं ते बाहेर झालंय," कुरुमादा म्हणाला.

तिने तिघांनाच एकेक करून शेजारच्या खोलीत बोलावलं. काल सगळ्यांनी तलवार पाहिल्यावर, दिवेलागणीला माडी रिकामी होत असताना, हे तिघेच मागे राहिले होते.

पहिला आंझाई. गेल्या वर्षी कुरुमादाने त्याचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक पळवलं होतं.

"शेठच्या वाईटावर टपलेल्यांची रांग लावा, बाई. स्टेशनापर्यंत जाईल. मधे कुठंतरी मीही सापडेन."

"तुमच्या गाडीत तारेचा ब्रश मिळालाय."

"खेकड्यांच्या कढईचा आहे. खेकड्यांचा हंगाम सुरू झालाय, बायको जीव खाते. वास घेऊन बघा."

मिसाओने वास घेतला. कढईचाच होता.

"तुम्ही हे करू शकला असता?"

आंझाईचं हसू मावळलं. शेठचं नाक कापायला मी काहीही करीन, तो म्हणाला, पण तलवारीनं माझं काय बिघडवलंय?

दुसरी फुमी उरानो. पन्नाशीची, बारीक अंगाची, बोटांना लाकडाचा भुसा चिकटलेला. शहरात पांढऱ्या लाकडाची म्यानं करणारी ती एकटीच उरली होती. या तलवारीचं म्यान आणि मूठही तिनेच महिन्याभरापूर्वी केली होती. तिला कोण ओळखत नव्हतं? आणि तिच्या भावाची गोष्ट तरी कुणाला ठाऊक नव्हती? तेत्सुरो, उमदा लोहार. त्याने घडवलेली एक नवी तलवार जुनी म्हणून विकली गेली, बिंग फुटलं, आणि कुरुमादाने याच चटयांवर छातीवर हात ठेवून सांगितलं, की त्या पोरानेच गंज चढवून, खोटं नाव कोरून मला फसवलं. मी गंज चढवला नाही, असं तेत्सुरो सांगत राहिला, तरी व्यापाऱ्यांच्या संघाने त्याला वाळीत टाकलं. त्याच हिवाळ्यात समुद्राने त्याला परत किनाऱ्यावर आणून ठेवलं. आजही त्याचं नाव निघालं, की पाठोपाठ 'नकली' हा शब्द निघे, आणि तो शब्द पुसला जावा यापलीकडे त्या बाईला जगात काही नको होतं.

"काल इथे कशाला आला होतात, फुमीताई?"

"माझ्या हातच्या कामाला किती भाव येतो, बघायला. म्यानाला काही येत नाही. तरी बघते."

"कुरुमादांबद्दल काय वाटतं?"

"भावाला पाण्यात शिरताना जे वाटलं असेल, ते."

तिने नजर खाली केली नाही.

तिसरे हिबिनोकाका, लिलाव पुकारणारे. वयोवृद्ध, खालच्याच मजल्यावर राहणारे. माडीची एकुलती किल्ली त्यांच्याकडे.

"कुलूप लावलं होतं?"

"लावलं होतं."

"किल्ली?"

"कमरेला होती."

"वर पाणी सांडल्याचा, घासल्याचा आवाज?"

"झोप लागली होती, बाई."

मिसाओ त्यांच्याकडे बघत राहिली. रात्री रस्त्यापलीकडच्या छपरावरून बर्फ घसरलं, तरी हे काका घरातून हाक मारून सांगत. सगळी गल्ली त्यावरून त्यांना चिडवायची.

"बरं," ती म्हणाली.

परत माडीवर येऊन ती चटईवर बसली. सगळ्यांची कुजबुज विझली.

"शेठना माणूस हवाय," ती म्हणाली. "तर मी आधी त्या माणसाच्या हातांबद्दल सांगते. शेपूट घासायला जोर लागतो, वेळ लागतो. ज्याला फक्त नुकसान करायचं, तो घासतो, टाकून देतो आणि पळतो. हा हात पळाला नाही. पातं ओलं झालं होतं, ते त्याने पुसलं, वर तेल फिरवलं. म्हणजे हात या धंद्यातलाच. पण धंद्यातले तर तुम्ही सगळेच आहात."

तिने मूठ उचलली.

"ही मूठ त्या शेपटाच्या मापानेच कोरलेली. शेपटावरून गंजाचा थर उतरला, शेपूट बारीक झालं. मग मूठ ढिली पडायला हवी. हलवली, तर खुळखुळायला हवी. तुम्ही ऐकलंत? ती मुकी आहे."

पुढच्या रांगेतला आंझाई हळूच पुढे झुकला.

ही लाकडं भाताच्या खळीनं चिकटवतात. साफ करायला उघडता यावीत म्हणून. मिसाओने सांध्यात पातळ सुरी सरकवली. मूठ शेंगेसारखी दोन भागांत उघडली. आत, दोन्ही बाजूंना, कांद्याच्या पापुद्र्याइतका लाकडाचा ताजा तास चिकटवलेला होता. खळ अजून पुरती वाळली नव्हती.

"वैऱ्याची तलवार उद्ध्वस्त करताना, पकडले जाण्याची भीती मानेवर असताना, मूठ ढिली राहू नये म्हणून हे कोण करेल? आंझाईंना हे जमणार नाही. हिबिनोकाकांनाही नाही."

कुणीच फुमीकडे वळून पाहिलं नाही. तीच उठून उभी राहिली.

"मला सूड घ्यायचा होता," ती म्हणाली. "पण माझ्या हातची मूठ ढिली बाहेर पडायची नाही. ते नाही जमलं मला."

कुरुमादा ताडकन उठला. नकली लोहाराची बहीण, अजून काय करणार, तो म्हणाला. बेड्या घाला. सगळ्यांसमोर घाला.

"बसा, शेठ. माझं अर्धंच झालंय."

मिसाओ फुमीकडे वळली. "तलवार म्यानासाठी महिनाभर तुमच्याकडे होती. घासायचीच होती, तर तिथे का नाही घासलीत?"

"तिथे घासली असती, तर शेठनी ती गुपचूप वितळवून टाकली असती. मला ती इथे हवी होती. काल सगळ्यांनी डोळ्यांनी काळी बघितलेली. आणि आज पांढरी."

"का?"

"पांढऱ्यात दिसतं म्हणून."

मिसाओने ओल्या फडक्यानं शेपूट पुसलं आणि खिडकीतल्या उन्हात आडवं धरलं.

"या सगळे. जवळ या. सहाशे वर्षं लोखंड गंजत असेल, तर गंज वर बसत नाही, आत खात जातो. तो घासून काढा, खाली देवीच्या वणांसारखे खड्डे निघतात. इथे एक तरी खड्डा दाखवा मला. घडवताना लोहाराने ओढलेल्या कानशीचे घाव बघा, आत्ता विंचरलेल्या केसांसारखे. हा गंज म्हातारा नव्हता. तो वरून माखला होता, आणि नावही त्याच थरात कोरलं होतं."

व्यापारी एकेक करून वाकले आणि मागे सरले. या माणसांनी आयुष्यभर हजारो शेपटं निरखली होती. नखही लावलं नव्हतं. ज्या गंजाला कुणी कधी हात लावत नाही, त्याच्याआड काहीही खपून जातं, हे त्यांच्यातल्या एकालाच सुचलं होतं.

"तुम्ही पहिली नकली तलवार विकलीत, शेठ, आणि बिंग फुटल्यावर दोष लोहारावर ढकललात. ही तिची जुळी. धुरळा बसेपर्यंत दडवून ठेवलीत. म्यान करायला शहरात दुसरं कुणी नाही, म्हणून त्याच्याच बहिणीकडे दिलीत. ही बाई लाकूड तासणारी, हिला पात्यातलं काय कळतंय, असं वाटलं असणार."

"भावाच्या हातचं पातं," फुमी म्हणाली, "मी डोळे मिटूनही ओळखलं असतं."

पण कुरुमादा हसला. सावकाश खाली बसला, मांडीवरच्या कपड्याची घडी नीट केली.

"असेल नवी. चला, मान्य. मग त्या पोराने मला एकदा नाही, दोनदा फसवलं. गंज त्यानेच माखला, नाव त्यानेच कोरलं. मी भोळा म्हातारा." त्याने फुमीकडे बघितलं. "भावाला वाचवायला निघालीस आणि त्याच्या नावावर दुसरा गुन्हा चढवलास की गं."

फुमीचा चेहरा पांढरा पडला. लोखंड किती वर्षांचं ते लोखंड सांगतं. त्याला काळं कुणी केलं, ते सांगत नाही.

"कुलूप तुटलेलं नाही," ती हळूच म्हणाली. ती कुणाकडेही बघत नव्हती. "किल्ली एकच. फुमीताईंना कुणीतरी दार उघडून दिलं, आणि खाली जागं राहून घासल्याचा आवाज ऐकला. ज्याने दार उघडलं, त्याला गंजाखाली काय निघणार, हे ठाऊक असणार. मी त्याला विचारलं. तो म्हणाला, झोप लागली होती."

खाली रस्त्यावरून मासळीवाल्याची गाडी गेली.

हिबिनोकाका चौथऱ्यावर चढले. गुडघे टेकताना त्यांना त्रास झाला. मग पाठ ताठ झाली, आणि नवी वस्तू पुकारताना येतो तो भरदार आवाज माडीभर घुमला.

"तलवार एक. घडवणारा, उरानो तेत्सुरो. राहणार याच शहराचा."

"काका, गप्प बसा," कुरुमादा म्हणाला.

"अशी दोन पाती त्याने शेठच्या दुकानात आणून दिली. शेठ म्हणाले, देवळाला वाहायची आहेत, नाव कोरू नकोस. पोरानं ऐकलं. दोन्ही शेपटं कोरी होती. आज हे आहे तशीच पांढरी." म्हाताऱ्याचा आवाज फाटला, पण त्याने तो पुन्हा सावरला. "शेठनी मला पुकारायला ही माडी दिली, डोक्यावर छप्पर दिलं, आणि मी तोंड मिटलं. तेत्सुरोला तुम्ही सगळ्यांनी वाळीत टाकलं, तेव्हा मी याच जागी बसलो होतो. फुमी, तो काही खोटं बोलला नव्हता. त्याने पाती आणली त्या दिवशी दुकानात मी होतो, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं."