मागच्या सीटजवळची जाळी

गाडी आल्या आल्या चार्जिंगला लावायची नाही, हा भाऊजींचा नियम. उन्हातून तापून आलेल्या माणसाला आपण तसंच ताटावर बसवतो का, असं ते विचारायचे. आधी गॅरेजचं दार सताड उघडायचं, काचा चार बोटं खाली करायच्या आणि तासभर गाडीला नुसतं उभं ठेवायचं. गाडी पेट्रोलवरही चाले आणि विजेवरही. तिची मोठी बॅटरी मागच्या सीटच्या पाठीशी होती, आणि सीटच्या कडेला एक हातभर प्लॅस्टिकची जाळी होती. बॅटरीला गार ठेवणारा पंखा त्या जाळीतून हवा ओढून घेई. तास झाला की भाऊजी जाळीवर तळहात ठेवत. कोमट लागलं तर म्हणत, "अजून ताप आहे." गार लागलं की वायर जोडत आणि गाडीच्या टपावर दोन टपल्या मारत. टप, टप. घरातल्या कुणाची काळजी मिटली की त्याच्या पाठीवरही ते अशाच दोन टपल्या मारायचे.

बायकोच्या, म्हणजे ताईच्या, धाकट्या भावाला ते 'डॉक्टर' म्हणत. हा डॉक्टर गाड्यांचा. इंजिनाला कान लावून तो रोग सांगे, म्हणून वर्कशॉपमध्ये हे नाव पडलं आणि भाऊजींनी ते घरी आणलं. गाडीची सर्व्हिसिंग अर्थात त्याच्याकडेच होई. घरचा माणूस असताना बाहेर कशाला जायचं?

उन्हाळ्यातल्या एका शनिवारी गाडी अशीच त्याच्याकडे आली. पंख्याच्या तोंडाशी वहीएवढा एक फिल्टर असतो. मागची सीट उचकटल्याशिवाय तो हाती लागत नाही. अर्ध्या तासाचं किचकट काम, त्यात घामाच्या धारा आणि रांगेत आणखी पाच गाड्या. घरचीच तर गाडी आहे, पुढच्या खेपेला बघू, असं मनाशी म्हणत डॉक्टरने कामाच्या कागदावर 'फिल्टर साफ केला' या ओळीपुढे बरोबरची खूण ओढली.

"जाळीच्या आतलं बघितलंस ना रे?" किल्ली घेताना भाऊजींनी विचारलं.

"बघितलं की!"

भाऊजींनी त्याच्या पाठीवर दोन टपल्या मारल्या.

तीन आठवड्यांनी, भर दुपारी, चार्जिंगला लावलेली गाडी धुमसायला लागली. वाऱ्याने गॅरेजचं दार बंद झालं होतं. ताई स्वयंपाकघरात होती. भाऊजी वायर काढायला आत धावले आणि त्या विषारी धुरात कोसळले. सापडले तेव्हा त्यांचा हात पुढे पसरलेला होता. प्लग तिथून दोन हातांवर होता.

गाडी वर्कशॉपमध्ये आली. तपासणी अधिकारी दुपारी येणार होता. सकाळीच डॉक्टरने एकट्याने सीट काढली. फिल्टरवर धुळीचा आणि केसांचा जाड थर बसला होता, घोंगडीसारखा. ओढून काढताना त्याचा एक कोपरा तुटला. डॉक्टरने तो फिल्टर फडक्यात गाठ मारून बांधला, आपल्या हत्यारांच्या पेटीत तळाशी दडवला आणि जागेवर नवा बसवला. काम सफाईने झालं.

अधिकाऱ्याला दिसली ती फक्त शाल. ताईची राखाडी शाल, एसीत पांघरायला गाडीत ठेवलेली, जाळीवर पडलेली. 'हवेचा मार्ग शालीने झाकला गेल्यामुळे', असं त्याने लिहिलं. ताईने तो कागद वाचला आणि घडी घालून देवासमोर ठेवतात तसा भाऊजींच्या फोटोपुढे ठेवला.

तेव्हापासून ती शाल कपाटात बंद झाली. थंडी पडली तरी ताईने अंगावर काही घेतलं नाही. दात वाजत असले तरी तशीच बसायची. शिवाय घरभर हात लावत फिरायची. टीव्हीला, फोनला, फ्रिजच्या कडेला, गरम तर नाही ना? "मीच मारलं रे त्यांना," दर भेटीत एकदा म्हणायची. "हजारदा बजावलं होतं, जाळीवर काही टाकू नकोस म्हणून."

"असं नको बोलूस, ताई," डॉक्टर म्हणायचा. एवढंच. पुढचं वाक्य घशाशी येई, चहाच्या घोटाबरोबर परत खाली जाई. स्वतःची त्याला अशी किळस यायची की तो कप अर्धाच ठेवून उठे.

नवी बॅटरी यायला हिवाळा उजाडला. "त्यांची गाडी आहे, राहू दे," ताई म्हणाली. मग दर रविवारी दुपारी डॉक्टर येऊ लागला. एक चक्कर मारायची, तासभर थांबायचं, चार्जिंगला लावायचं. आणि दर वेळी, न चुकता, सीट काढून फिल्टर बघायचा.

पहिल्या रविवारी फिल्टरवर धुळीचा थर होता. आठवडाभर गाडी जागची हलली नव्हती. बंद गॅरेज, त्यात बांधकाम कुठेतरी चालू असेल, असं म्हणून त्याने तो झटकून, धुऊन, वाळवून बसवला.

दुसऱ्या रविवारी पुन्हा थर. आता त्यात केस होते.

तिसऱ्या रविवारी त्याने जाळी काढून आत विजेरी मारली. पंखा स्वच्छ, नळी स्वच्छ, जाळीची मागची बाजू बोट फिरवलं तरी कोरी. मळला होता तो फक्त फिल्टर. त्याने तो तीनदा धुतला.

चौथ्या रविवारी चक्कर मारून आल्यावर तो नियमाप्रमाणे तासभर थांबला. जाळीवर हात ठेवला. सगळी जाळी गार होती, मधला एक भाग सोडून. तो भाग तळहाताएवढाच होता, आणि ऊबही तशीच, कुणी आत्ताच हात उचलावा तशी.

त्याने सीट काढली. फिल्टर घोंगडीसारखा जड लागला.

त्याचा एक कोपरा तुटलेला होता.

 डॉक्टरने उठून हत्यारांची पेटी उघडली. तळाचं फडकं होतं तिथेच होतं, त्याच गाठीसह. गाठ सोडली. आत नवा फिल्टर होता, पांढरा, कोरा करकरीत.

त्याने तो नवा फिल्टर जागेवर बसवला, सीट लावली, वायर जोडली. हात आपोआप चालत होते. मग जुना फिल्टर घेऊन तो आत गेला.

ताई खिडकीशी बसली होती. ओठ निळसर पडले होते.

"ताई, हा बघ. हा त्या दिवशी गाडीत होता. मी साफ केलाच नव्हता. खोटी खूण केली. आणि नंतर लपवला."

तिने फिल्टर हातात घेतला. उजेडाकडे धरला. पलीकडचं काही दिसत नव्हतं.

"आणि शाल?"

"विरळ आहे ती. तिच्यातून हवा जाते, ताई. याच्यातून जात नव्हती."

तिने फिल्टर खिडकीत ठेवला. 

"सहा महिने," ती अखेर म्हणाली. "समोर बसून ऐकत होतास."

"हो."

"जा. वायर काढ आणि जा."

ती उठली, कपाट उघडलं आणि राखाडी शाल बाहेर काढली. डॉक्टरने मागे वळून पाहिलं नाही. पाहायची लाज वाटली.

गॅरेजमध्ये वायर गाडीला नव्हती.

ती भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेली होती, कोपरावर वेटाळून, शेवटचं टोक आत खोचून. डॉक्टर कधी वायर गुंडाळत नसे. तसं गुंडाळणारा एकच होता. वेटोळ्याला हात लावला तर प्लग अजून कोमट होता.

घराचं आतलं दार उघडंच होतं. तिकडून आवाज आला. दबका, शाल पांघरलेल्या पाठीवर पडावा तसा.

टप, टप.

आणि मग ताईचा आवाज, हलका, अडखळता. या सहा महिन्यांत त्याने तो ऐकला नव्हता.

"अहो?"

डॉक्टर जागच्या जागी उभा राहिला. पाठ ताठ करून, श्वास रोखून. त्याने खूप वेळ वाट पाहिली.

त्याच्या पाठीवर काही पडलं नाही.

मग त्याने गाडीचं मागचं दार उघडलं आणि जाळीवर तळहात ठेवला.

अजून ताप होता.