चार्जिंगला लावलेली खुर्ची

खुर्ची होती. बाई नव्हती.

अपंगांच्या केंद्राच्या हॉलमध्ये, खिडकीखाली, भिंतीला पाठ लावून ती विजेवर चालणारी खुर्ची उभी होती. गादीवरचा बसल्याचा खळगा अजून बुजला नव्हता. हातावर बसवलेल्या माइकनं मान खाली घातली होती. चार्जरची वायर नीट गुंडाळून प्लगात खोचलेली, आणि वरचा हिरवा दिवा शांतपणे लुकलुकत होता, घरात सगळं आलबेल असल्यासारखा.

फौजदारबाईंनी खुर्चीभोवती एक फेरी घातली. माणूस मागे टाकून गाडी पळवलेली त्यांनी पुष्कळदा पाहिली होती. गाडी मागे ठेवून माणूस पळवलेला आज पहिल्यांदाच.

"हिच्याशिवाय ती किती लांब जाऊ शकते?"

"एक पाऊलही नाही," केंद्राचे व्यवस्थापक म्हणाले. त्यांच्या कपाळावर घाम होता. "मान सावरते, उजव्या हाताची दोन बोटं हलतात. बाकी सगळा कारभार जिभेवर. म्हणून तर आम्ही तिला वकीलीण म्हणतो. कायदा शिकलेली नाही, पण भांडायला उभी राहिली... म्हणजे बसली, की समोरचा गार."

"मग ओरडली का नाही?"

"आवाज कुठाय तिला? छातीत जोरच नाही. ती कुजबुजते, तो माइक मोठ्यानं बोलतो. आणि माइक खुर्चीला आहे."

फौजदारबाईंनी माइककडे पाहिलं. खुर्चीतून उचलायचा अवकाश, एका माणसाचे पाय आणि आवाज दोन्ही गेले. तोंड दाबायचीसुद्धा गरज नाही.

"आज दुपारी सुनावणी आहे," व्यवस्थापक म्हणाले. "अपंगांना घरी सरकारी पगारावर मदतनीस मिळावा, ज्याला जिथं राहायचंय तिथं राहता यावं, ही तिची मागणी. चार वर्षं भांडली तेव्हा आज समिती ऐकून घ्यायला तयार झाली. ती बोलली नाही तर मागणी गेली बासनात."

"सगळीकडे शोधलंत?"

"सगळीकडे. हॉल, स्वयंपाकघर, दोन्ही न्हाणीघरं, अंगण. मागचं दार उघडं होतं. तिकडूनच नेली."

फौजदारबाईंनी हवालदाराला मागच्या गल्लीत पिटाळलं.

*

पुढच्या दारापाशी टेलिफोन सांभाळणारी ऑपरेटरबाई बसत असे. तिला दिसत नव्हतं. म्हणून या दारातून येताजाता प्रत्येकानं आपलं नाव सांगायचं, असा केंद्राचा रिवाज होता. मघाशी फौजदारबाईंनाही तिनं अडवलं होतं: "कोण ते? वर्दी असो नाहीतर बिर्दी, नाव सांगा."

"सकाळी कोण कोण आलं?"

"आधी मी, मग व्यवस्थापक साहेब. ते लगेच सुनावणीच्या सभागृहाकडे गेले, तिथला चाकाच्या खुर्च्यांसाठीचा उतार नीट आहे का बघायला. मग ड्रायव्हरनं वकीलिणीला आणून सोडलं आणि बाकीच्यांना आणायला गेला. पुढून दुसरं कुणीच आलं नाही."

"ती आत एकटी होती?"

"भाषण घोकत होती. भिंतीपलीकडून मला ऐकू येत होतं, माइक चालू होता ना. मधेच थांबली. मग खट्. कुणीतरी माइक बंद केला."

"किंकाळी? झटापट?"

"काहीच नाही. मला वाटलं, दमली असेल." ऑपरेटरबाईनं फोनची वायर बोटाला गुंडाळली. "बाई, ज्यानं नेलंय त्याला कुणी सांगा हो, तिची कूस बदलावी लागते. तास-दोन तास एकाच अंगावर ठेवली तर कातडी फुटते. कोण बदलत असेल तिची कूस?"

ड्रायव्हर पायरीवर डोकं धरून बसला होता.

"तू तिला कुठं सोडलंस?"

"टेबलापाशी. भाषणाची मांडामांड करायची म्हणाली. खिडकीकडे नव्हती खुर्ची."

"भांडण कुणाशी?"

"कुणाशी नव्हतं ते विचारा! काल साहेबांशी जुंपली होती. साहेब म्हणत होते, मदतनीस घरी मिळाले तर केंद्रात येणार कोण? आधी आमची लिफ्ट दुरुस्त करून मागा. ती म्हणाली, लिफ्टपण मागते, पण मला वर नाही जायचं, बाहेर जायचंय." तो हसायला गेला आणि त्यानं पुन्हा डोकं धरलं. "फिरवायला हवी तिला, बाई. तिचा दादा घरी कूस बदलताना गाणं म्हणतो, अख्ख्या आळीला पाठ झालंय. आता कोण फिरवत असेल?"

व्यवस्थापकांनी भांडण नाकारलं नाही. "भांडलो. रोज भांडतो. म्हणून उचलून नेईन? माझ्या पाठीचं ऑपरेशन झालंय, मला पाण्याची बादली उचलत नाही." आणि जाता जाता, हळूच, "तिला कुशीवर वळवायची वेळ झाली असेल..."

मग दादा आला. वकीलिणीचा थोरला भाऊ. पुढच्या दारातून, नाव सांगून. केस पिकलेले, हात मात्र हमालासारखे. आईच्या पश्चात बहिणीचं सगळं त्यानंच केलं होतं. त्यापायी ना लग्न, ना धड नोकरी. केंद्रातला नळ गळला, दार कुरकुरलं तरी दादालाच हाक जाई.

"सकाळी तिला व्हॅनमध्ये बसवलं आणि घरीच होतो," तो म्हणाला. "आमचं घर मागच्या गल्लीच्या तोंडाशी. बाळाला कुणी नेलं असेल हो?"

बाळ. चाळिशीला टेकलेली बाई.

"सुनावणीत ती काय मागणार होती, ठाऊक आहे?"

"मदतनीस." दादानं खुर्चीच्या हातावरची नसलेली धूळ पुसली. "म्हणे वेगळी खोली घेणार. परकं माणूस ठेवणार. परक्याला कळतं का, तिचा डावा खांदा कसा धरायचा ते?" मग थोड्या वेळानं, "समिती किती वाजेपर्यंत बसणार आहे, बाई?"

"का?"

"सहज. सापडली तर वेळेत नेता येईल."

तो उठला. "बसवत नाही. जरा शोधून येतो," म्हणत मागे गेला. थोड्या वेळानं परतला, पाणी प्याला, भिंतीकडे बघत बसला.

*

दुपार कलायला लागली. हॉलमध्ये केंद्रातली माणसं जमली होती, कुबड्या, चाकं, पांढऱ्या काठ्या. मागच्या दाराकडे जाणाऱ्या बोळात, जिन्याच्या पहिल्या पायरीवर एका बाजूला मोडके वॉकर एकावर एक रचलेले होते. घड्याळाची टिकटिक छातीवर पडत होती.

हवालदार रिकाम्या हातानं आला. त्याचे बूट घोट्यापर्यंत लाल चिखलानं माखलेले.

"गल्ली खणून ठेवलीय, बाई. पाइप फुटलाय. दारातून पाय बाहेर टाकला की बुडला."

"सकाळपासून?"

"सकाळी उशिरा फुटला म्हणे."

दादा पुन्हा उठला होता. "मी एक चक्कर..." आणि गेला. परत आला तेव्हा फौजदारबाईंनी त्याच्या तोंडाकडे पाहिलंच नाही. पायांकडे पाहिलं. वहाणा कोरड्या होत्या. बाहीवर कोळिष्टकाचा एक धागा लोंबत होता.

 त्या वाट बघत राहिल्या.

दादा तिसऱ्यांदा उठला, तेव्हा त्या म्हणाल्या, "बसा, दादा."

"जरा शोधून..."

"शोधायला हवालदार आहे. तुम्ही बसा."

तो बसला. हवालदार मागच्या दारात उभा राहिला. वेळ सरकू लागला. दादाची बोटं गुडघ्यावर वळवळायला लागली. मग टाच हलायला लागली. मग ओठ.

"काय पुटपुटताय?"

"काही नाही. आईचं गाणं."

"म्हणा की."

"या कुशीची त्या कुशी, ये गं माझ्या हाताच्या उशी..." तो उठायला गेला. "बाई, मला जाऊ द्या."

"कुठं?"

दादाचा हात गळ्यातल्या दोऱ्याकडे गेला.

"मी सांगू?" फौजदारबाई हळू आवाजात म्हणाल्या. "सकाळपासून जो भेटला त्यानं एकच विचारलं, तिची कूस कोण बदलत असेल? ऑपरेटरबाईनं, ड्रायव्हरनं, भांडणाऱ्या साहेबांनीसुद्धा. फक्त तुम्ही नाही. जन्मभर तिला वळवणाऱ्या माणसाला तेवढीच एक काळजी नव्हती. कारण उत्तर तुम्हाला ठाऊक होतं."

हॉलमध्ये कुणीतरी श्वास आत ओढला.

"ही खुर्ची बघा. केंद्रात दिवसा कुणाचीच खुर्ची चार्जिंगला लागत नाही. दिवसा तिच्यात माणूस असतो. माणसाला उचलून पलंगावर निजवायचं, मग खुर्ची भिंतीला लावून वायर खोचायची, ही रात्रीची सवय आहे. आणि रात्री तिला कोण निजवतं? सकाळी तुम्ही मागच्या दारानं आलात, माइक बंद केलात, तिला उचललंत, आणि मन दुसरीकडे असताना हातांनी रोजचं काम केलं."

"माझं बाळ आहे ते," दादा म्हणाला.

"तुम्ही शोधायला जात होतात. पुढच्या दारानं गेला असतात तर नाव सांगावं लागलं असतं. मागच्या दारानं गेला असतात तर पाय चिखलात गेले असते. तुम्ही इमारतीबाहेर पडलाच नाहीत. आणि इथं कोळिष्टकं असतील अशी एकच जागा." त्यांनी वर पाहिलं. "लिफ्ट बंद पडल्यापासून या मंडळींच्या लेखी वरचा मजला उरलाच नाही. मी विचारलं तेव्हा साहेबांनी सगळ्या खोल्या मोजल्या, वरची एकही नाही. आणि मीही ते मुकाट्यानं ऐकून घेतलं. वरच्या दाराला कुलूप कुणी लावलं होतं, साहेब?"

व्यवस्थापकांचा चेहरा पांढरा पडला. "दादानंच. मीच सांगितलं होतं. किल्ली हरवली म्हणाला..."

"तिची वेळ टळून गेलीय!" दादा ओरडला. त्यानं गळ्यातला दोरा हिसकून किल्ली फौजदारबाईंच्या अंगावर टाकली. "डाव्या अंगावर आहे ती. डावी बाजू दुखते तिची. आधी तिला वळवा, मग मला फासावर द्या!"

*

वरच्या खोलीत उन्हाची एक तिरीप होती आणि धुळीचा वास. गादी स्वच्छ होती. चादर घरची होती. वकीलीण डाव्या कुशीवर पडून दाराकडे बघत होती, डोळे कोरडे, ओठ हलत होते. फौजदारबाई गुडघ्यांवर बसल्या आणि कान जवळ नेला.

"तो मला उचलताना कधी विचारत नाही," ती कुजबुजली. "सवय आहे. जिना चढल्यावर माझ्या ध्यानात आलं. तोवर माइक खाली राहिला होता."

"मारलं? धमकावलं?"

"छे. दर खेपेला वळवलं, पाणी पाजलं, गाणं म्हटलं. आणि कुलूप लावलं. म्हणाला, सुनावणी संपली की घरी जाऊ." तिनं श्वास गोळा केला. "गुन्हा नोंदवा. आणि त्याला जेवायला घाला. सकाळपासून उपाशी असेल."

*

समिती कागद आवरत होती तेव्हा खुर्ची उतारावरून सभागृहात शिरली. अध्यक्षांनी घड्याळ बघितलं, मग चेहऱ्यावर दयाळूपणा आणला.

"बोला ताई. पण आधी एक सांगा. घरची माणसं असताना पगारी मदतनीस कशाला? घरचे तुमची काळजी घेत नाहीत का?"

माइक खरखरला.

"घेतात. आज इतकी घेतली, की मला बाहेर काढायला पोलीस लागले."

 तिनं सगळं सांगितलं. कुणाला शिव्या न देता, काही न लपवता. भावाचं गाणंही सांगितलं, कुलूपही सांगितलं. मधेच थांबली. चेहरा आक्रसला. डावा खांदा.

मागे उभ्या असलेल्या फौजदारबाई पुढे आल्या. हात पुढे झाले, आणि वाटेतच थांबले.

"हात लावू?" त्यांनी विचारलं. "कसं धरू?"

वकीलीण त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिनं तोंड माइककडे वळवलं.

"ऐकलंत, अध्यक्षसाहेब?" ती म्हणाली. "असं आधी विचारणारा माणूस. एवढीच माझी मागणी आहे."