फाट्यावर टेकलेला पाय

आमची पहिली भेट म्हणजे सरळसरळ टक्करच व्हायची, पण माझ्या घंटीनं वाचवलं.

दादाला गोदामात नोकरी लागली आणि त्याची डोंगरात चालवायची सायकल माझ्या ताब्यात आली. तिला मी माझ्या शाळेच्या जुन्या सायकलची घंटी बसवली. पाण्याच्या टाकीमागच्या टेकडीवरून, झाडीतल्या अरुंद वाटेनं मी सुसाट खाली येत होते. वळणावर बघते तर एक मुलगा वाटेत मधोमध फतकल मारून टायरमधला काटा काढतोय. मी जीव खाऊन घंटी वाजवली. तो उडी मारून बाजूला झाला आणि मी थेट झुडपात. केसांत पानं, कोपर सोललेलं... आणि हा मला लागलंय का ते विचारायचं सोडून माझ्या हँडलकडे बघतोय.

"डोंगरावर घंटी?"

"वाचलास ना तिच्यामुळेच?"

तो हसला. गालावर वाळलेला चिखल हसताना तडकला. त्या दिवसापासून मी घंटी आणि तो चिखल्या.

तो माझ्याहून एक वर्ष पुढे, दुसऱ्या शाळेत. दर शनिवारी आम्ही टेकडीवर भेटायला लागलो. तो शिकवायचा, नजर चाकावर नको, जिथं जायचंय तिथं ठेव. मी ती त्याच्या पाठीवर ठेवायचे, आणि खरंच, सायकल आपोआप तिकडेच जायची.

टेकडीवरचा एक नियम होता. फाट्यावर पुढच्यानं मागच्यासाठी थांबायचं. वाकड्या झाडापाशी वाट फुटायची, एक खाली वस्तीकडे, दुसरी दगडांच्या खाणीकडे. तिथं तो डावा पाय जमिनीवर टेकून, मान वळवून उभा असायचा. वरच्या वळणावर मी घंटी वाजवायची, म्हणजे त्याला कळायचं मी पडले नाहीये. मगच तो पुढे निघायचा. कधी फारच उशीर झाला, तर म्हणायचा, मला वाटलं, मध्येच कुठं संसार थाटलास.

घरी दादा विचारायचा, तू सायकल चालवतेस की नुसती जमीन मोजतेस? शाळेसाठी चार हाका मारूनही न उठणारी पोर शनिवारी उजाडायच्या आत बूट घालून बसते, याचा अर्थ आईला मात्र कळला असावा. माझ्या डब्यात दोघांना पुरेल एवढं भरलेलं असायचं.

मग एका शनिवारी, फाट्यावरच, ब्रेकची तार उगाच चाचपत त्यानं सांगितलं. दूरच्या शहरातले प्रशिक्षक येणार आहेत. आपल्या टेकडीवर चाचणी घेऊन मुलं निवडतील. निवडलेल्यांना तिकडेच राहायचं, तिकडेच शिकायचं. हे त्याचं लहानपणापासूनचं स्वप्न होतं, मला ते पाठ होतं.

"मी गेलो तर...?" त्यानं विचारलं.

"तर टेकडी माझी," मी म्हणाले. आणि जरा जास्तच मोठ्यानं हसले.

चाचणीच्या दिवशी वरून एकेकाला सोडत होते आणि खाली प्रशिक्षक घड्याळ घेऊन उभे होते. खाणीच्या वाटेला कुणी चुकून वळू नये म्हणून फाट्यावर झेंडा घेऊन माणूस हवा होता. मी हात वर केला. शेवटचं तरी जवळून बघता येईल... माझी सायकल वाकड्या झाडाला टेकवून मी उभी राहिले. रात्रीच्या पावसानं माती मऊ झाली होती.

दोन-तीन मुलं भर्रकन गेली. मग तो आला. त्याच्या साखळीचा आवाज मी झोपेतही ओळखला असता. काय वेग होता! माझ्या अंगावर काटा आला.

आणि फाट्यावर येऊन — त्यानं ब्रेक दाबला.

डावा पाय मातीत. मान मागे, वरच्या वळणाकडे.

सवय! ज्याच्यासाठी थांबायचं, असं मागून कुणीच येणार नव्हतं. जी यायची, ती त्याच्यासमोरच उभी होती. त्यालाही ते त्याच क्षणी कळलं. चिखलाखालचा चेहरा पांढराफटक पडला.

"जा ना," मी म्हणाले. माझा मलाच आवाज ऐकू आला नाही.

"तुझी वाट बघत होतो," तो म्हणाला, जणू त्याचं त्यालाच नवल वाटत होतं. "मी नेहमी... तुझीच वाट बघतो, घंटी."

खाली घड्याळ पळत होतं. मी एक शब्द बोलले असते तरी तो थांबला असता. त्याच्या पायाकडे बघूनच मला ते कळलं, तो अजून पेडलवर गेला नव्हता. मला किती बोलायचं होतं! पण मी हात लांब करून झाडाला टेकलेल्या माझ्या सायकलची घंटी वाजवली.

म्हणजे, मी आले. आता तू निघ.

त्यानं एकदा माझ्याकडे बघितलं... आणि निघाला. असा निघाला की चिखल माझ्या तोंडापर्यंत उडाला. मी तो पुसला नाही.

निवडलेल्यांत त्याचं नाव सगळ्यात शेवटी होतं. पण होतं.

आता शनिवारी मी एकटीच जाते. पडत नाही आणि घाबरतही नाही. इतकी वेगात येते, की त्याला माझ्यासाठी थांबावंच लागलं नसतं. तरी वरच्या वळणावर माझा अंगठा घंटीवर जातो. फाट्यावर येऊन मी डावा पाय टेकते, तो टेकायचा तिथंच. पुढे कुणी नसतं, मागे कुणी नसतं. थोडा वेळ झाडीतला वारा ऐकते... आणि मग माझी मीच खाली जाते.