साडेसोळाचं इंजिन

श्रीहरीभाऊंनी ऊर्जानगरच्या वीजकेंद्रात तीस वर्षं फिटरकी केली. वस्तू बसत नाही असं कोणी म्हटलं की त्यांचं डोकं फिरायचं. घासली की बसते, हा त्यांचा खाक्या.

दोन वर्षांपूर्वी मुलगी संघप्रिया तापाने गेली. तिच्या खोलीत, टेबलावर सिंदेवाही स्टेशनचं इवलंसं मॉडेल अर्धवट राहिलं. फलाट होता, गोल फिरणारे रूळ होते, गाडी नव्हती. तेव्हापासून मीराबाईंनी बोलणंच सोडलं. गाडी फिरलेली पाहून बायको एखादा शब्द तरी बोलेल, एवढ्या आशेवर श्रीहरीभाऊंनी नागपूरहून इंजिन मागवलं. ते रुळावर बसेना.

दुकानदाराने फोनवर समजावलं, की या छोट्या गाड्यांनाही गेज असतो. तुमच्या रुळांत अंतर नऊ मिलिमीटर, इंजिन साडेसोळाचं. परत पाठवा. श्रीहरीभाऊ कसले पाठवतात! चाकं आत सरकवू म्हणाले.

ते कानस शोधेपर्यंत मीराबाई इंजिन मांडीवर घेऊन लेकीच्या खोलीत दुपारभर बसल्या. श्रीहरीभाऊंनी माप घेतलं, तर चौदा. व्हर्निअर बिघडला असेल म्हणून शेजारच्या धनराजचा आणला. चौदाच. दुसऱ्या दुपारनंतर अकरा. दिवे, पायऱ्या, छत, सगळंच त्या मानाने लहान झालेलं. कानस तर अजून लावलीच नव्हती.

त्यांना भीती वाटली. पण आशा जास्त वाटली, आणि तिथेच ते चुकले.

तिसऱ्या दुपारी नऊ भरलं. इंजिन रुळावर बसलं आणि फलाटाला वळसा घालून गेलं.

"बसलं न," मीराबाई म्हणाल्या.

दोन वर्षांनी आवाज ऐकला. श्रीहरीभाऊंना रडू फुटलं. डोळे पुसताना त्यांचं खाली लक्ष गेलं. खुर्चीत बसलेल्या मीराबाईंचे पाय फरशीपासून वीतभर वर लोंबत होते.

त्यांनी हात धरून ओढलं. बांगड्या मनगटातून गळून पडल्या.

"मले अडवू नका," त्या म्हणाल्या. "पोरीकडे जाऊन राह्यली मी."

"मंग मी काय करू इथी?"

त्यांनी हात सोडवून घेतला आणि नजर फलाटावर लावली.

पाचव्या दुपारी ते पाणी आणायला उठले. परत आले तेव्हा खुर्ची रिकामी होती.

आता श्रीहरीभाऊ रोज त्याच खुर्चीत इंजिन मांडीवर घेऊन बसतात. ऊन उतरलं की खाली पाहतात.

पाय फरशीला पुरते टेकलेले असतात.