सातवा खडा

"कामिनी, मोजून आणले, मोजूनच सोड वं. एकही मांगं ठेवू नको."

सासूबाईंचा, रुखमाबाईंचा, हा आवाज कामिनीच्या कानातून गेला नव्हता. गल्लीत सगळ्यांकडे मुखवट्यांच्या महालक्ष्म्या बसत. या घरात मात्र आंभोऱ्याहून, वैनगंगेच्या पात्रातून सात खडे आणून तेच गौरी म्हणून पुजायचे आणि तिसऱ्या दिवशी त्याच पाण्यात परत सोडायचे, अशी रीत होती. गेल्या भादव्यात पुरणाच्या दिवशी सासूबाईंनी अंथरुणावरून सुनेचा हात धरला, हे वचन घेतलं आणि उन्हं कलायच्या आत त्या गेल्या. सुतकात देवाला शिवायचं नाही, म्हणून तेरवीपर्यंत खडे तांब्याच्या डबीतच राहिले. पुढे दिवाळी आली. तिच्या नवऱ्याच्या, मनोहररावांच्या, गांधीबागेतल्या कापडदुकानात पाय ठेवायला जागा उरली नाही. कामिनी रोज डबीपुढे दिवा लावी आणि मनाशी म्हणे, या रविवारी नक्की.

पौषात मनोहररावांचे डोळे पिवळे झाले.

"पित्तनळीत खडे अडकलेत," रामदासपेठेतल्या डॉक्टर सोनिका म्हणाल्या. "पोट उघडायची गरज नाही. तोंडावाटे दुर्बीण घालायची, नळीचं तोंड थोडं मोकळं करायचं आणि खडा जाळीत धरून ओढायचा. परवा घरी."

"पण मॅडम, बाबांचं पित्ताशय तर तीन वर्षांपूर्वीच काढलं न," मुलगी रितिका म्हणाली. "मग खडे येऊन कुठून राहिले?"

"नळीतही होतात कधीकधी."

तीन निघाले. एरवी ते आतड्यात सोडून देतात, आपोआप जातात. हे फुटेनात, म्हणून बाहेर आणावे लागले, असं सांगत डॉक्टरांनी प्लॅस्टिकची डबी हातात ठेवली. पित्ताचे खडे पिवळट, ठिसूळ असतात, हे कामिनीनं मागच्या खेपेला पाहिलं होतं. हे चिंचोक्याएवढे, करडे, पाण्यानं घासून घासून गुळगुळीत झालेले. एकावर पांढरी रेघ होती.

"काउंटरवर ठेव वं," मनोहरराव पलंगावरून म्हणाले. "गिऱ्हाइकाले सांगू, माल असली आहे. धुतला तरी रंग जात नाही."

कामिनीला हसू आलं नाही. त्या पांढऱ्या रेघेवर तिनं स्वतःच्या बोटानं कुंकू लावलं होतं.

घरी आल्यावर आधी तिनं देवघरातली तांब्याची डबी उघडली.

आत चारच खडे होते.

"उंदरानं नेले असतील," रितिका म्हणाली. "उपास करू करू तू काहीबाही पाहून राहिली, आई."

कामिनीनं बोटांवर मोजलं. चार आणि तीन, सात होतात. उद्या पहिल्या गाडीनं आंभोऱ्याला जायचं, असं ठरवून ती आडवी झाली. पहाटे अंघोळ करून, दवाखान्यातले तीन पदराच्या गाठीत बांधून ती तांब्याची डबी घ्यायला गेली, तर डबी हलकी लागली. झाकण घट्ट होतं. आत नुसतं वाळलेलं कुंकू.

आतल्या खोलीत मनोहररावांचे दात थंडीनं वाजत होते. गोधडी टाकली, तिच्यावर आणखी एक टाकली, तरी वाजत होते.

पुन्हा दुर्बीण. या वेळी डॉक्टर बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या कपाळावर घाम होता.

"चार दिसले. तीन निघाले. चौथा वर, यकृताच्या बाजूला सरकलाय. धरायला गेलं की आणखी वर जातो." त्या थांबल्या. "जंतुसंसर्ग रक्तात उतरलाय. बीपी पडतंय. उद्या परत बघू, पण शरीर किती साथ देईल, सांगता येत नाही."

कामिनी जिन्याजवळच्या बाकावर बसली. पदराच्या गाठीत सहा खडे होते. तिनं डोळे मिटले. मोठ्यानं बोलायची तिला सवयच नव्हती.

"आई, चूक माही. त्याईले काहून छळता? सातवा मले द्या. मी नेऊन सोडते."

वैनगंगेच्या ओल्या रेतीचा वास आला आणि गेला.

सकाळी ताप नव्हता. मनोहररावांनी चहा मागितला, वर साखर कमी आहे म्हणून कुरकुरले.

डॉक्टर सोनिका कालचा फोटो आणि आजचा फोटो उजेडासमोर धरून उभ्या होत्या. "नळी स्वच्छ आहे," त्या म्हणाल्या. "काल इथं होता." बोट त्या जागेवरच राहिलं.

कामिनी फोटोकडे न बघता बाकाकडे वळली.

बाकावर तिनं सहा खडे ओळीनं मांडले, एकेकाला हळदकुंकू लावलं. मग तेच बोट पदराखाली, उजव्या बरगडीच्या खाली टेकवलं. तिथं गार लागत होतं.

"आई, सहाच घेऊन कुठं चालली? सातवा तर गवसलाच नाही न."

"गवसला."

"संध्याकाळपर्यंत येशील न?"

"बाबांले पेज दे. फार गरम नको."

रितिका जवळ आली, थबकली. "तुहे डोळे काहून पिवळे दिसून राहिले वं?"

"हळदीचा हात लागला असंल."

कामिनी जिना उतरू लागली. डाव्या हातात सहा खडे भरलेली दवाखान्याची डबी होती. उजवा हात पदराखाली होता, काही सांडू नये म्हणून जपून धरतात तसा.