छाटणकरने कोरलेली ढोली

अमरावतीत मार्चमध्येच असं ऊन तापतं की सकाळी नऊलाच माणूस दमतो. आमच्या कॉलनीतली धनेशाची जोडी तर त्याच्याही आधी दमलेली दिसायची. राखाडी रंगाचे, मोठ्या वाकड्या चोचीचे ते दोन पक्षी या झाडावरून त्या झाडावर जायचे, खोडाला चोच लावून पाहायचे आणि उडून जायचे. एवढी झाडं असताना त्यांना एक घरटं का बांधता येऊ नये?

"आळशी आहेत," मी म्हणाले.

"आळशी नाही, बेघर आहेत," आबाजी म्हणाले. आबाजी म्हणजे माझे आजोबा, वनस्पतिशास्त्रज्ञ. झाडांवरून कॉलनीच्या कमिटीशी भांडून भांडून ते पार थकले होते. "धनेश काड्यांचं घरटं बांधत नाही, जुई. त्याले तयार ढोली लागते. आपल्या कॉलनीत एक तरी ढोली सापडते का, पाहा बरं!"

एकही नव्हती. आमच्याकडे नीटनेटकेपणाची भारी हौस. झाडं छाटणारा यंत्रमानव (त्याला सगळे छाटणकर म्हणायचे) वाळकी फांदी दिसली की खोडापासून उडवायचा आणि ढोली दिसली की सिमेंटने बुजवायचा.

त्या दिवशी तो शिरीषाच्या वाळक्या फांदीपाशी पोचला. माठाएवढी जाड, ढोली होण्याजोगी अशी ती कॉलनीतली शेवटचीच फांदी. ती गेली की धनेशही जाणार, हे लक्षात आलं आणि मी आबाजींना ओढतच तिथे नेलं.

"थांब रे बाप्पा!" आबाजी ओरडले.

"थांबतो. माझेही सांधे कुरकुरतायत," छाटणकर म्हणाला. "पण पोकळ झाड मरतं, म्हणून तर मी ढोल्या बुजवतो ना?"

"कायले मरते? पाणी अन् अन्न वाहते सालीजवळच्या थरांतून. मधलं अंतःकाष्ठ (खोडाच्या गाभ्यातलं मेलेलं लाकूड) आधारापुरतं. पाइप पोकळ असूनही उभा राह्यते न?"

तेवढ्यात कमिटीच्या अध्यक्ष गावंडे काकू आल्या. "आबाजी, खाली पोरं खेळतात. फांदी डोक्यात पडली मंग?"

काकूंचं खरं होतं. आबाजी भांडलेच नाहीत, खाली बसले. मला रडू यायला लागलं. मी हाताकडे पाहिलं. सकाळीच कुंड्यांना पाणी घालताना भरून आला होता. बादली हात लांब करून धरली की खांदा तुटतो, अंगाशी धरली की तेवढा त्रास होत नाही.

"आबाजी, फांदी सगळी कशाला तोडायची? आखूड करू!"

आबाजींचा चेहरा उजळला. "यालेच तरफ म्हणतात, बेटा. वजन जितकं लांब, तितका बुडाशी ताण. बूड ठेवू, लांबी काढू. अन् त्या बुडातच धनेशाले ढोली कोरू."

काकूंनी फांदीकडे बराच वेळ पाहिलं. "बूड हललं तर सारंच काढीन," त्या म्हणाल्या.

छाटणकरने फांदी आखूड केली आणि उरलेल्या बुडात ढोली कोरायला घेतली. तोंड लहान, आत कळशी मावेल एवढी जागा, ऊन लागू नये म्हणून भिंती जाड. निसर्गात हे काम बुरशी आणि सुतारपक्षी करतात, पण त्याला कित्येक वर्षं लागतात. छाटणकरला आजवर फक्त बुजवणं ठाऊक होतं. तो सारखा चुकायचा, थांबायचा. संध्याकाळी आम्ही तिघंही गळून गेलो होतो.

आणि धनेश आलेच नाहीत. दिवसामागून दिवस गेले. साळुंकी डोकावून गेली, खार आत-बाहेर करून गेली. मी वर पाहायचंही सोडून दिलं.

मग एका सकाळी काकूंनीच हाक मारली, "जुई, लवकर ये!" मादी ढोलीत शिरली होती आणि आतून तोंड लिंपत होती. चोचीपुरती फट तेवढी उरली होती.

"आता पिल्लं मोठी होईस्तोवर नर तिले चारेल," आबाजी म्हणाले.

नर उंबर घेऊन आला, फटीतून दिलं, गेला, पुन्हा आला. बघूनच मला दम लागला.

"आपलं झालं. आता दमायची पाळी त्याची," आबाजींनी डोळे मिटले.

काकू बाकीच्या झाडांकडे पाहत होत्या. "छाटणकर, पुढच्या झाडावर कधी चढतोस?"

"उद्या," तो म्हणाला. "आज जरा सावलीत बसू द्या."